आपल्या कानाला की गावाला?

पोळ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. एका पोरानं माझ्या सौंसरच्या दुकानासमोर जुनी वॅगन आर आणून लावली. पाटी छिंदवाड्याच्या एमपी 28 ची. मागच्या सीटवर नागपूरहून आणलेला 12 इंची वूफर, खोक्यासकट.

"काकाजी, याले बॉक्स पाह्यजे. धमक छातीत बसली पाह्यजे."

मी आधी डिक्की उघडायला लावली. आत फवारणीचा पंप, दोरी आणि संत्र्याचा रिकामा क्रेट.

"आंबिया बहार तुटला का यात किती क्रेट टाकतं?"

"तीन."

"मंग बॉक्स का डोक्यावर ठेवाचा?"

तो हसला. मी दुसरा प्रश्न विचारला, "गाणे काच वर करून ऐकतं, का खाली करून?" आता मात्र त्याचा चेहरा कोरा. बॉक्सचा आणि काचेचा काय संबंध? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हेच वाटतं. निवड मात्र या दोन प्रश्नांतच होऊन जाते.

मी जातीनं आणि धंद्यानं सुतार. दारं, दिवाण, देव्हारे करत होतो. एका गाडीसजावटवाल्यानं पहिला बॉक्स करायला दिला तेव्हा मला वाटलं, यात काय, पेटी तर करायची. ती पेटी नव्हे, अर्धं वाद्य आहे, हे कळायला मला एक वूफर जाळावा लागला.

बॉक्स लागतो कशाला, ते मी गिऱ्हाइकाला करूनच दाखवतो. उघडा वूफर टेबलावर ठेवून वाजवला की पडदा थडथडा हलतो, पण आवाज मेलेला. पडदा पुढे जाताना समोरची हवा दाबतो, त्याच वेळी मागची ओढतो. 40 हर्ट्झच्या खर्ज सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. अशी लाट हातभर वूफरला सहज वळसा घालते आणि पुढचीमागची एकमेकींना खाऊन टाकतात. तोच वूफर भोक पाडलेल्या मोठ्या फळीला लावला की जिवंत होतो. बॉक्सचं पहिलं काम एवढंच, पुढच्या-मागच्याची भेट होऊ द्यायची नाही.

सगळ्यात साधा तो बंद बॉक्स. चारी बाजूंनी हवाबंद. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला जागेवर आणते. 1954 साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी याच हवेच्या स्प्रिंगवर एआर-1 हा स्पीकर काढला आणि कपाटाएवढ्या पेट्यांच्या जमान्यात लहान पेटीतून खोल खर्ज ऐकवला. असा बॉक्स ढोलकीची थाप थाप म्हणूनच सोडतो, मागे शेपूट ठेवत नाही. फार खाली गेलं की त्याचा आवाज पडतो, दर सप्तकाला 12 डेसिबलनं. घरात हे खटकतं. गाडीत गंमत होते. बंद काचांची गाडी म्हणजे लहानशी कोठी. साधारण 60-70 हर्ट्झच्या खाली ती स्वतःच खर्ज उचलते, आणि ही चढणही हिशोबानं सप्तकाला 12 डेसिबलच्या आसपास. बॉक्स जिथं पडतो तिथं गाडी त्याला हात देते. काच खाली केली की तो हात सुटतो. म्हणून तो काचेचा प्रश्न.

दुसरा भोकाचा बॉक्स, म्हणजे पोर्टेड. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक हुंकार निघतो, हापशीवर घागर भरत आली की तिचा सूर चढत जातो. पोकळी केवढी, तोंड केवढं, गळा किती लांब यावर तो सूर ठरतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं हे एकोणिसाव्या शतकात मांडलं. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या अल्बर्ट थुरास यांना 1932 मध्ये स्पीकरच्या मागची हवा अशाच गळ्यातून बाहेर काढण्याचं पेटंट मिळालं. मागचा जो आवाज बंद बॉक्समध्ये वाया जातो, तोच इथं नळीतून उलटून पुढच्याला साथ देतो. त्याच वूफरवर, त्याच ॲम्प्लिफायरवर आवाज मोठा येतो. काचा उतरवून रस्त्याला ऐकवायचं असेल तर हाच.

पण याचा सूर बिघडला की सगळंच बिघडतं. माझा पहिला पोर्टेड बॉक्स असाच बिघडला. वूफरच्या कागदावर लिहिलं होतं, 50 लिटर आणि 35 हर्ट्झ. मी 50 लिटर मोजले ते बाहेरून. 18 मिलिमीटरच्या लाकडानं आतले तेरा लिटर कधी खाल्ले ते कळलंच नाही. नळी म्हणून बागेतल्या ठिबकच्या मेन लाइनचा पाइप घेतला, आतून 10 सेंटीमीटरचा. 50 लिटरला तो 31 सेंटीमीटर लागतो. तो आत आडवा येत होता म्हणून मी 15 वर कापला. दोन्ही चुका मिळून सूर 35 ऐवजी 50 च्या वर गेला. ढोल असो, तबला असो, नाही तर ट्रॅक्टरची जाहिरात, एकच हुं... हुं... त्यात एक अवगुण असा की नळीच्या सुराखाली गेलं की आतली हवा पडद्याला धरत नाही, तो मोकाट सुटतो. मालकानं एका लग्नात आवाज चढवला, दुसऱ्या दिवशी जळक्या कॉइलचा वास घेऊन माझ्या दारात. वूफर मी भरून दिला. तेव्हापासून आतून मोजतो, आणि पोर्टेडवाल्याला ॲम्प्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर गाळणारी सोय, लावल्याशिवाय सोडत नाही.

तिसरा बँडपास. यात वूफर आतच लपलेला, एका बाजूला बंद खोली, दुसऱ्या बाजूला नळीची. आवाज फक्त नळीतून. ठरावीक पट्ट्यात तो भयंकर वाजतो, बाकी मुका. शिवाय जागा खातो, आणि वूफर आत फाटत असला तरी बाहेर लवकर कळत नाही. मी सहसा करत नाही.

डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर सीटखाली सरकणारा, ॲम्प्लिफायरसकटचा चपटा 8 इंची सबवूफर घ्यावा. छाती हलणार नाही, पण गाण्याला बूड येईल.

आता तो कागद. वूफरच्या खोक्यात निघतो आणि लोक चहाच्या कपाखाली ठेवतात. त्यावरचे आकडे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात बसवलेल्या गणितातले. आपल्याला दोन पुरे, एफएस आणि क्यूईएस. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. उत्तर 50 च्या आसपास किंवा खाली आलं तर वूफर बंद बॉक्सचा, 100 च्या आसपास किंवा वर गेलं तर पोर्टेडचा, मधलं असेल तर दोन्हीकडे चालेल. ठोकताळाच आहे, पण दुकानदाराच्या 'सब चलता है' पेक्षा बरा. पोराच्या वूफरचं उत्तर 52 आलं.

"तुह्या वूफरनंच सांगतलं बाप्पा. बंद बॉक्स."

40 बाय 36 बाय 33 सेंटीमीटरचा बॉक्स ठरवला. बाहेरून साडेसत्तेचाळीस लिटर, आतून पावणेपस्तीस. त्यातले दोन-तीन वूफरची पाठ घेणार. एमडीएफ आवाजाला चांगलं, पण सातपुड्याचा पावसाळा त्याला फुगवतो, म्हणून मी 710 नंबरचा मरीन प्लाय वापरतो. प्रत्येक सांध्याला फेविकॉल आणि स्क्रू, आतून सिलिकॉन. मग उशीत भरतात तो कृत्रिम कापूस सैलसर भरायचा. त्यानं बॉक्स आहे त्याहून थोडा मोठा असल्यासारखा वागतो. आमचा सगळा मुलूख कापसाचा, पण खरा कापूस दमट हवेत बसतो.

शेवटी उदबत्ती. संथ खर्जाचा सूर लावायचा आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून सावकाश फिरवायची. धूर सरळ गेला तर काम पक्कं. जिथं थरथरला तिथं फट. पोराच्या बॉक्सला तारेच्या भोकापाशी धूर हलला. एक थेंब सिलिकॉन, आणि थांबला.

गाडीत बसवताना दोन पट्टे मारले. वूफरसकट पंधरा किलोचा ऐवज. सिल्लेवानीच्या घाटात करकचून ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवरच्या माणसाला सोडणार नाही. तारेला प्लग दिला, म्हणजे बॉक्स दोन मिनिटांत बाहेर.

काचा वर करून पोरानं गाणं लावलं. थोडा वेळ बोललाच नाही. मग आवाज चढवायला हात गेला तसा मी धरला. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची कामगारांसाठीची शिफारस आहे, 85 डेसिबल आठ तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 वर पंधरा मिनिटं. आणि गावाला ऐकवायचंच असेल तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 नंतर 45. एवढ्यात कोणाची छाती हलत नाही.

संत्र्याच्या तोडणीत त्याच्या बागेकडे जाणं झालं. डिक्कीत तीन क्रेट. बॉक्स घरी ओसरीत, भिंतीला टेकून उभा, आणि त्याची आजी त्यावर बसून डागी संत्री वेगळी काढत होती. मी विचारलं, "बाई, कसा हाय बॉक्स?"

"मजबूत हाय," ती म्हणाली. "वाजते का हा?"