ताप उतरला, पण हृदयाचं काय?

फ्लूचा विषाणू फुप्फुसांपुरता थांबत नाही. अंगभर दाह पसरतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटून गुठळी अडकू शकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात फ्लूच्या निदानानंतर पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे ६ पट आढळला! कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, तरुणांनाही.

म्हणूनच कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघणाऱ्यांना कळकळीनं सांगतोय: नुकतेच तापातून उठला असाल, तर यंदा एसटीनं या. आई भवानी समजून घेईल.

छातीत दुखणं, धडधड, जिना चढताना धाप हे ‘अशक्तपणा’ म्हणून अंगावर काढू नका, लगेच डॉक्टर गाठून ईसीजी काढा. घरात बीपी, शुगर किंवा हृदयविकार असलेलं कुणी असेल, तर फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना आजच विचारा.