निकालाची वाट पाहू नका, कला शाखेचे कॉलेज दिवाळीतच ठरवा

बियाणे घेताना आपण दुकानदार देईल ती पिशवी उचलत नाही. जमीन कसली, पाणी किती, वाण किती दिवसांचे, पिशवीला टॅग आहे का, हे सगळे पाहतो. पेरणी फसली तर एक हंगाम जातो. मुलामुलींचे कॉलेज मात्र आपण निकालाच्या आठवड्यात ठरवतो. एसटी जिथे जाते तिथे एक फॉर्म भरला की झाले. इथे निवड चुकली तर तीन-चार वर्षे जातात.

त्यातही कला शाखा म्हटली की घरात तोंडे पडतात. "सायन्सला जमले नाही म्हणून आर्ट्स" असे पोरांच्या तोंडावर बोलले जाते. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा लेखी उत्तरांची आहे आणि आपल्या एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. वाचून, समजून, स्वतःच्या शब्दांत मुद्देसूद लिहिणे हेच तिथे कामाला येते. कायदा, पत्रकारिता, समाजकार्य, शिक्षकी पेशा, या सगळ्या वाटा कला शाखेतून जातात. तेव्हा शाखा हलकी नाही, आपली निवड हलकी असते.

वाटा किती प्रकारच्या?

पहिली वाट आपल्या जिल्ह्यातील किंवा विभागातील अनुदानित कॉलेजची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. 'कमवा आणि शिका' करून तिथे शेतकऱ्यांची पोरे शिकली. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज तर १८८५ पासूनचे. अनुदानित तुकडीत फी कमी असते आणि राज्याच्या शिष्यवृत्त्या मिळतात.

दुसरी वाट केंद्रीय विद्यापीठांची. दिल्ली, बनारस, हैदराबाद अशा ठिकाणी पदवीचे प्रवेश सीयूईटी या परीक्षेवर होतात. ती २०२२ साली सुरू झाली. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. बहुतेक अभ्यासक्रमांची फी हजारांत असते. शिकवणे मात्र मराठीत नसते, ती तयारी ठेवावी लागते.

तिसरी वाट 'लिबरल आर्ट्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाजगी संस्थांची. इथे अर्थशास्त्र घेणारा विद्यार्थी सोबत इतिहास, गणित किंवा पर्यावरणही शिकू शकतो, आणि मुख्य विषय पहिल्या दिवशीच पक्का करावा लागतोच असे नाही. हरियाणात सोनीपतला अशोका, बेंगळुरू आणि भोपाळला अझीम प्रेमजी, पुण्याला फ्लेम आणि सिंबायोसिस ही नावे आहेत. अशोकासारख्या ठिकाणी राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च दहा लाखांवर जातो. म्हणून आकडा ऐकूनच आपण पाठ फिरवतो. पण अशोका आणि अझीम प्रेमजी या दोन्ही ठिकाणी घरच्या उत्पन्नानुसार फी माफी आहे, काहींना पूर्णही मिळते. म्हणून छापील फी पाहून अर्ज टाळू नका. अर्ज करा, मदतीचा अर्जही सोबत भरा, आणि लेखी किती माफ झाले ते पाहून मग ठरवा.

गोची वेळेची आहे

आपला निकाल मे महिन्यात लागतो. खाजगी संस्थांचे अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपासच सुरू झालेले असतात. सीयूईटीचा फॉर्मही निकालाच्या आधीच भरून बंद होतो. म्हणजे पोरगी ८५ टक्के घेऊन पेढे वाटते तेव्हा दोन दारे लागलेली असतात आणि उघडे राहते ते एकच. हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, तारीख माहीत नव्हती म्हणून.

यासाठी बारावीच्या दिवाळीतच पाच-सहा कॉलेजांची यादी करा. आपण सगळ्या रानात एकच पीक घेत नाही, तसेच इथेही करा. दोन कॉलेजे अवघड पण मनातली, दोन गुणांना साजेशी, आणि दोन अशी की जिथे प्रवेश नक्की मिळेल व खर्च झेपेल. शेवटची दोन नाइलाजाची नकोत, तिथेही मूल आनंदाने शिकेल अशीच निवडा.

पैशांचा हिशेब आधी

फक्त पहिल्या वर्षाची फी पाहू नका. फी, वसतिगृह, मेस, प्रवास, पुस्तके असा पूर्ण पदवीचा खर्च कागदावर मांडा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी किंवा चार वर्षांची ऑनर्स अशी सोय आहे. चौथे वर्ष त्याच कॉलेजात आहे का, ते विचारा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारखी राज्याची योजना खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू होत नाही. तिथे संस्थेची स्वतःची मदत किंवा कर्ज हाच आधार. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळते. तुमचे कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी तपासा. शेत गहाण टाकायची वेळ येत असेल तर थांबा आणि यादीतल्या पुढच्या कॉलेजकडे वळा.

दाखल्यांची तयारी

उत्पन्न, जात, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर हे दाखले जूनच्या गर्दीत काढू नका. केंद्रीय विद्यापीठासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. केंद्राच्या ईडब्ल्यूएस दाखल्याला उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, शिवाय कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर तो मिळत नाही. सातबारा पाहूनच अर्ज करा. तलाठी भाऊसाहेबांना आणि ग्रामसेवकांना (आता त्यांची पदनावे बदलली आहेत) विनंती आहे की, बारावीच्या मुलांची यादी हिवाळ्यातच करून दाखल्यांचे एक शिबिर ग्रामपंचायतीत घ्यावे. एका दिवसाचे काम आहे, पण त्यामुळे एखाद्या पोराचा प्रवेश वाचेल.

कॉलेज पाहायला गेल्यावर

नुसती इमारत पाहून येऊ नका. हव्या त्या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासिकेवरचे किती, हे विचारा. ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते का, मुलींचे वसतिगृह आवारातच आहे का, नॅकची श्रेणी काय, विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, हे पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना बाजूला घेऊन बोला. ऑफिसात कळत नाही ते त्यांच्याकडून कळते.

आणि या सगळ्या फेऱ्यांत मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. कोणता विषय वाचताना तिला वेळ जातो हे कळत नाही, ते तिलाच विचारा. यंदा घरात बारावीचे मूल असेल तर दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार काढा. एका वहीत कॉलेजचे नाव, अर्जाची शेवटची तारीख, परीक्षा, पूर्ण खर्च आणि लागणारे दाखले असे पाच रकाने आखा. ती वही भरली की अर्धे काम झाले समजा.