चैत्रातील परसबाग : कोठे खणावे, कोठे खणू नये

मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ हा जबलपूर परिसरातील परसबागेचा संधिकाल होय. हिवाळी भाजीपाल्याचे वाफे रिकामे होतात, वेलवर्गीय भाज्या वर चढू लागतात आणि आंब्यावर लहान कैऱ्या दिसतात. या दिवसांत बहुतेक घरी बाग एकदा सरसकट खणून, पालापाचोळा जाळून ‘स्वच्छ’ केली जाते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ही सवय तपासून पाहण्यासारखी आहे. बागेतील अनेक किडी, काही मित्रकीटक आणि तणांचे बी यांचा मुक्काम या ऋतूत मातीतच असतो. खोदकाम योग्य जागी झाल्यास पुढील हंगामाची कीड घटते. चुकीच्या जागी झाल्यास आपलाच साथीदार मारला जातो.

गाजरगवत : उपटावे, पण जमीन उकरू नये

भारतात १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज अधारतालच्या मोकळ्या भूखंडांवर, नाल्यांच्या काठी आणि कुंपणालगत सर्रास आढळते. त्याच्या संपर्काने त्वचेचा दाह होतो आणि परागकणांमुळे दम्याचा त्रास बळावतो. एक झाड हजारो बिया तयार करते. ओल मिळाल्यास ते वर्षभर उगवते. त्यामुळे सांडपाण्याच्या कडेला चैत्रातही ते हिरवेगार असते.

या तणाचा नैसर्गिक शत्रू म्हणजे मेक्सिकन भुंगेरा, अर्थात झायगोग्रामा बायकोलोराटा. हा कीटक १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूर येथे आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये शेतात सोडण्यात आला. मळकट पांढऱ्या पंखांवर गडद तपकिरी उभे पट्टे असलेला हा भुंगेरा आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने व शेंडे खाऊन टाकतात. अधारताल-महाराजपूर येथील तण संशोधन निदेशालयात त्याचे संगोपन व वितरण केले जाते. मात्र त्याचे काम मुख्यतः पावसाळ्यातील आहे. हिवाळा सुरू होताच प्रौढ भुंगेरे गाजरगवताच्या आसपासच्या मातीत काही सेंटीमीटर खोल शिरून सुप्तावस्थेत जातात आणि पावसाच्या आगमनानंतर बाहेर येतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, चैत्रात उगवलेले गाजरगवत भुंगेऱ्याच्या भरवशावर सोडता येत नाही. ते फुलण्यापूर्वी, जमीन ओलसर असताना, हातमोजे व तोंडावर कापड बांधून मुळासकट उपटावे. फुलण्यापूर्वी उपटलेली झाडे कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येतात. फुलोऱ्यावर आलेली घालू नयेत, कारण त्यांचे बी खतातून पुन्हा बागेत येते. दुसरी, मागील पावसाळ्यात ज्या जागी हे भुंगेरे दिसले होते, ती जागा खणू अथवा जाळू नये. मे महिन्यात तेथे टाकळ्याचे बी फेकून ठेवावे. पहिल्या पावसात टाकळा दाट उगवून गाजरगवताला दडपतो.

आंब्याचे आळे : येथे मात्र खणावे

आंब्यावरील पिठ्या ढेकणाच्या माद्या एप्रिल-मे मध्ये झाडावरून खाली उतरतात आणि खोडाजवळच्या मातीत अंडी घालतात. ही अंडी संपूर्ण पावसाळा तेथेच राहतात; डिसेंबर-जानेवारीत पिल्ले बाहेर पडून खोडावर चढतात. म्हणून चैत्रात खोडाभोवती गोणपाट सैलसर गुंडाळावे. उतरणाऱ्या माद्या त्याच्या आडोशाला जमतात. त्या दर दोन-तीन दिवसांनी गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. मे अखेरीस आळ्यातील माती मुळांना इजा न करता हलकी वर-खाली करावी. उघडी पडलेली अंडी उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात.

फळमाशीची अळीदेखील गळलेल्या फळातून बाहेर पडून मातीतच कोषावस्थेत जाते. त्यामुळे गळलेली फळे रोज वेचून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावीत व उन्हात ठेवावीत. मिथाइल युजेनॉलचे सापळे एप्रिलपासूनच लावावेत. या सापळ्यांत केवळ नर अडकतात. शेजारच्या घरांनीही ते लावल्यास परिणाम अधिक चांगला मिळतो.

वेलवर्गीय भाज्या

काकडी, दुधी, भोपळा यांची रोपे दोन-चार पानांवर असताना लाल भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. त्यांच्या अळ्या मातीत राहून मुळे कुरतडतात. सकाळी गारव्यामुळे भुंगेरे सुस्त असतात. त्याच वेळी ते हाताने वेचावेत. प्रादुर्भाव वाढल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा : ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून. काकडी व भोपळ्याची फुले सकाळी, तर दुधी व दोडक्याची सायंकाळी उमलतात. मधमाश्या व इतर परागवाहक वाचावेत म्हणून फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास, केवळ पानांवर आणि फुले टाळून करावी.

रिकामे वाफे : ऊन वापरावे

जे वाफे पावसाळ्यापर्यंत रिकामे राहणार आहेत, ते खणून, ढेकळे फोडून, भरपूर पाणी द्यावे. त्यावर २५ ते ५० मायक्रॉन जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद ताणून अंथरावा आणि कडा मातीने बुजवाव्यात. काळा कागद येथे तितका उपयोगी नाही. पारदर्शक कागदातून ऊन आत जाऊन माती अधिक तापते. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातील तणांचे बहुतांश बी, तसेच काही बुरशी व सूत्रकृमी नष्ट होतात. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र यातून वाचतात. त्या खणूनच काढाव्या लागतात.

उरलेल्या वाफ्यांवर पालापाचोळ्याचे पाच-सात सेंटीमीटर आच्छादन करावे. जाळलेल्या पाल्याची केवळ राख उरते. अंथरलेला पाला ओल टिकवितो आणि किडी खाणाऱ्या कोळ्यांना व भूचर भुंगेऱ्यांना आसरा देतो.

सारांश, आंब्याचे आळे व रिकामे वाफे खणावेत. भुंगेऱ्यांच्या सुप्तावस्थेची जागा राखावी. कुदळ उचलण्यापूर्वी त्या जागी मागील पावसाळ्यात काय दिसले होते, हे आठवून पाहणे हे चैत्रातील पहिले काम समजावे.