सैन्यात शिकलेले कोणत्या खात्यात जमा होते?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एक हवालदार सतरा वर्षांची सेवा पुरी करून घरी परतले. पेन्शनच्या कामासाठी ते शाखेत आले असता मी सहज विचारले, "लिपिक भरतीचा अर्ज भरलात ना?" ते म्हणाले, "नाही दादा. मी दहावी झालेला, जाहिरातीत पदवीधर मागितला होता." अर्जाची मुदत आठ दिवसांपूर्वीच संपली होती. पुढे त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीतील कागद चाळले, तेव्हा त्या जागेसाठी पदवीऐवजी चालले असते असे सैन्याचे प्रमाणपत्र घडी घालून ठेवलेले सापडले. कागद होता, त्याची किंमत ठाऊक नव्हती. म्हणून हा लेख.

सैन्यातील शिक्षण ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ती विद्या त्यांनी घरी आणली व मुलांच्या अभ्यासासाठी खर्ची घातली. आज प्रश्न आहे तो अशा विद्येची कागदोपत्री नोंद होण्याचा. गणवेश उतरला म्हणजे शिकलेले विसरले जात नाही. परंतु महाविद्यालय वा कचेरी ते मान्य करील की नाही, हे नियमांवर अवलंबून असते. हे नियम दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये.

पहिला प्रकार नोकरीपुरत्या सवलतीचा. केंद्र सरकारच्या १९८६ च्या आदेशानुसार, दहावी उत्तीर्ण असलेल्या किंवा इंडियन आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन मिळवलेल्या माजी सैनिकाची सेवा किमान १५ वर्षे झाली असेल, तर गट 'क' मधील माजी सैनिकांच्या राखीव जागांसाठी तो पदवीधराच्या जागी पात्र धरता येतो. ज्या पदास तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव आवश्यक नाही अशा पदांसाठी प्रामुख्याने ही सवलत आहे. नौदल व हवाई दलाची तत्सम प्रमाणपत्रेही चालतात. केंद्राच्या गट 'क' मध्ये माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव असतात. राष्ट्रीयीकृत बँकांच्या लिपिक वर्गात हे प्रमाण १४.५ टक्के असून, त्यात अपंग माजी सैनिक व धारातीर्थी पडलेल्यांचे कुटुंबीय यांचा ४.५ टक्के वाटा आहे. वयाच्या बाबतीत लष्करी सेवेची वर्षे प्रत्यक्ष वयातून वजा करतात, व उरलेले वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसावे लागते. बँकांच्या जाहिरातीत या प्रमाणपत्राची अट बारीक अक्षरांत असते, ती जरूर वाचावी.

मात्र ही समकक्षता म्हणजे पदवी नव्हे. तिच्या आधारे एम. ए. ला प्रवेश मिळत नाही.

दुसरा प्रकार श्रेयांकांचा, म्हणजे ज्याला आपण क्रेडिट म्हणतो त्यांचा. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांचे शिक्षण म्हणजे एक श्रेयांक, आणि वर्षाचे १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, असे सर्वसाधारण माप ठरले आहे. त्यात वर्गातील तासांबरोबर कार्यशाळेतील व प्रत्यक्ष कामावरील शिक्षणही धरता येते. पण नुसते तास भरून श्रेयांक मिळत नाहीत. त्या शिक्षणाचे मूल्यमापन व्हावे लागते आणि मान्यताप्राप्त संस्थेने ते स्वीकारावे लागते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्राला पदवी मिळते, ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमध्ये निवड होऊन अधिकारी होऊ पाहणाऱ्या जवानालाही तीन वर्षांच्या अभ्यासानंतर त्याच विद्यापीठाची पदवी मिळते. शिकवते सैन्य, शिक्का विद्यापीठाचा.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यातील जास्तीत जास्त २५ टक्के तरुण पुढे कायम होतील, बाकीचे ऐन पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील. योजनेच्या अटींनुसार त्यांना पेन्शन नाही व माजी सैनिकाचा दर्जाही नाही. १५ वर्षांची अट ते पुरी करू शकत नाहीत, म्हणजे वरची १९८६ ची सवलत त्यांच्या कामाची नाही. त्यांच्यासाठी जून २०२२ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची खास पदवी जाहीर झाली. तिचे निम्मे श्रेयांक सैन्यातील कौशल्य-प्रशिक्षणातून धरले जातात. उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य, पर्यटन इत्यादी विषयांतून मिळवायचे असतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका व तिसऱ्यानंतर पदवी अशी सोय आहे. दहावीवर भरती झालेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून बारावीचीही व्यवस्था आहे. हा सारा अभ्यास सेवेत असतानाच सुरू करावा, हे उत्तम.

श्रेयांक ठेवण्यासाठी २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू आहे. बँकेतला माणूस म्हणून तिचे व्यवहार मला ओळखीचे वाटतात. खाते विद्यार्थ्याच्या नावे डिजिलॉकरमार्फत उघडते. परंतु भरणा विद्यार्थी करू शकत नाही, तो संस्थेनेच करायचा असतो. एकदा एका पदवीसाठी वापरलेले श्रेयांक खर्ची पडतात, ते पुन्हा दुसरीकडे दाखवता येत नाहीत. ठेवीलाही मुदत असते, ती साधारणपणे जास्तीत जास्त सात वर्षांची. आमच्या काउंटरवर नावातील एका अक्षराच्या फरकाने धनादेश परत जातो. म्हणून आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि सैन्याची कागदपत्रे यांवर नाव व जन्मतारीख एकच आहे ना, हे भरतीच्या दिवसापासून पाहावे.

समाजबांधवांना विनंती एवढीच की, घरातील मुलगा सुटीवर आला म्हणजे त्याच्या पगाराची चौकशी आपण करतो, तशी त्याने कोणते प्रशिक्षण पुरे केले, त्याचे प्रमाणपत्र घेतले का, मुक्त विद्यापीठात नाव घातले का, हीही करावी. विद्यार्थी मित्रांनी आपल्या थोरल्या भावाचा अर्ज भरून द्यावा. सेवेत असताना हे काम एका कागदाचे असते, घरी आल्यावर त्यासाठी चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

त्या हवालदारांनी पुढच्या जाहिरातीला अर्ज भरला. पेटीतला तो कागद आता त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवला आहे.