जाम झालेलं छोटं इंजिन आणि गुलाबी बाटली

आपल्या दुरुस्ती केंद्रात पाठीवरचे फवारणी पंप येतात, मिक्सर येतात, शिलाई मशीन येतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मात्र एक खेळणं आलं. खेळणं म्हणायचं, पण लांबी हातभर, वजन चार किलोच्या आसपास, आणि पोटात खरंखुरं इंजिन. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या दिरांनी २००१ साली दुबईहून ते आणलं होतं. दीर आता नाहीत. गाडी इतकी वर्षं माळ्यावर पोत्यात होती. भंगारवाल्याने दोनशे रुपये सांगितले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आधी ही चालू होते का ते बघा. विकायची की ठेवायची ते मी मग ठरवीन."

गाडीबरोबर पोत्यात एक कोल्ड्रिंकची बाटली होती, निम्मी भरलेली. आत सुंदर गुलाबी पाणी. सरबतच वाटावं असं. त्या बाटलीसाठीच आजचा विषय घेतला आहे, पण ती समजायची तर आधी इंजिन समजावं लागेल.

ही गाडी म्हणजे अमेरिकेतल्या ट्रॅक्सस कंपनीची टी-मॅक्स. १९९९ साली ती बाजारात आली. चारही चाकांना ताकद, एकेका चाकाला दोन-दोन शॉकॲब्सॉर्बर, आणि हातातल्या रिमोटवरूनच पुढे आणि मागे जाणारी. इंजिनाच्या छोट्या गाड्यांत तेव्हा मागे जाण्याची सोय सहसा नसे, म्हणून तिचं फार कौतुक झालं. पुढे कंपनीने मोठं इंजिन बसवलं, त्यामुळे पहिल्या इंजिनासकट शाबूत राहिलेली गाडी आता सहज दिसत नाही. हे पहिलं इंजिन अडीच सीसीचं. आपल्या पाठीवरच्या पंपाचं साधारण पंचवीस सीसीचं असतं, म्हणजे हे त्याच्या दहाव्या हिश्श्याचं. पण फिरतं मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या वर.

दोन्ही इंजिनं टू-स्ट्रोक. दोन्हीकडे तेल इंधनातच मिसळलेलं. म्हणून वहिनींच्या मुलाने पंपाचं पेट्रोल आणि टू-टी ऑइल घालून दोन तास खटपट केली होती. गाडी ढिम्म. ती हलणारच नव्हती, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे.

पंपात स्पार्क प्लग असतो. ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. या छोट्या इंजिनात ठिणगीच नाही. ठिणगी पाडायला लागणारं मॅग्नेटो आणि कॉइल घातलं तर त्याचंच वजन इंजिनापेक्षा जास्त होईल. त्याऐवजी ग्लो प्लग असतो. रे आर्डेन या अमेरिकन माणसाने तो १९४७ मध्ये बाजारात आणला. प्लगच्या आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं, आणि त्या तारेत प्लॅटिनम असतं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ती तार लाल करायची. इंजिन फिरू लागलं की सेल काढून घ्यायचा. तरीही तार लाल राहते, कारण इंधनातल्या मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथेच उष्णता तयार होते. चुलीतला निखारा फुंकर मिळत राहिली की विझत नाही, तसंच काहीसं. पेट्रोल आणि प्लॅटिनम यांचं असं जमत नाही. शिवाय या गाडीच्या नळ्या सिलिकॉनच्या असतात, त्या पेट्रोलने फुगतात. म्हणून ज्यात ठिणगी आहे त्यालाच पेट्रोल.

आता या इंधनात काय काय असतं? मुख्य म्हणजे मिथेनॉल. मग नायट्रोमिथेन, गाड्यांच्या इंधनात बहुधा वीस टक्क्यांच्या आसपास. पोरं 'नायट्रो, नायट्रो' म्हणतात ते हेच. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं आणि जोर वाढतो. तिसरं तेल. आणि हे तेल बऱ्याचदा कोणतं असतं माहीत आहे? आपलं एरंडेल! बांधावरच्या एरंडाचं, बाळाला पोट साफ व्हायला देत ते. कधी निव्वळ, कधी कृत्रिम तेलात मिसळून. मिथेनॉलमध्ये बाकीची बरीच तेलं विरघळत नाहीत, एरंडेल विरघळतं, आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापलं तरी धातूला चिकटून राहतं. कॅस्ट्रॉल हे मोठ्या तेल कंपनीचं नावसुद्धा कॅस्टर, म्हणजे एरंड, यावरूनच आलं. जगात सगळ्यात जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, त्यातली बहुतेक गुजरातेत. असो, एरंडाचं गुऱ्हाळ इथेच थांबवतो.

एरंडेलाचा गुण तोच त्याचा दोषही. वर्षानुवर्षं बसलं की ते डिंकासारखं घट्ट होतं. दिवा लावायच्या जुन्या समईच्या बुडाशी चिवट पिवळा थर बसतो ना, तसं. वहिनींच्या गाडीचं इंजिन या थराने जाम झालं होतं. चक्र बोटाने तसूभरही हलेना.

इथेच बहुतेक जुनी इंजिनं कायमची जातात. कोणीतरी पकडीने चक्र पिळतो. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, भोवतीची नळी पितळेची, तिला आतून क्रोमचा मुलामा, आणि ती वरच्या टोकाला किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन वर गेला की आवळला जातो. तापल्यावर नळी पसरते आणि बरोबर बसते. थंड आणि वर डिंक, अशा अवस्थेत जोर केला तर पिस्टनचा दांडा वाकतो किंवा मुलामा खरवडतो. मग नवा भाग मिळेपर्यंत गाडी शोभेची.

लोणच्याच्या बरणीचं झाकण अडलं की आपण काय करतो? गरम पाण्याखाली धरतो. इथेही तेच. पण आधी टाकी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करून, उघड्यावर सुकवून, मगच उष्णता. कारण आत इंधन असेल तर ते पेटेल. आम्ही इंजिन गाडीपासून सुटं केलं, ग्लो प्लग काढला, आणि केस वाळवायच्या यंत्राने दहा-बारा मिनिटं सगळीकडून तापवलं. प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडले. चक्र पुढे नाही, आधी मागे-पुढे, तांदळाएवढं. पुन्हा तापवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते एकदम सुटलं, आणि दुकानात बसलेल्या सगळ्याजणी ओरडल्या.

मग उघडलं. आतल्या धातूच्या भागांवरचा थर काढायला गाडीच्या रेडिएटरचं कूलंट वापरतात. त्यात भाग बुडवून, मंद आचेवर, उकळू न देता काही तास ठेवायचे. डिंक मऊ होतो आणि टूथब्रशने निघतो. हे कूलंटही विषारीच. चवीला गोडसर, म्हणून कुत्री-मांजरंही चाटतात. आम्ही हे काम अंगणात, वेगळ्या शेगडीवर केलं. त्या पातेल्याला लाल रंगाचा पट्टा मारला आहे. ते पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही. रबराच्या गोल रिंगा आणि प्लॅस्टिक मात्र त्यात घालायचं नाही.

बेअरिंग गंजलेलं निघालं, आणि ते साहजिक होतं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, मीठ पावसाळ्यात ओढतं तसं. इंधन आत ठेवूनच गाडी उभी केली की पहिला मार मागच्या बेअरिंगवर. ते ठोकून काढू नये. इंजिनाचं रिकामं कवच तापवलं की ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त पसरतं, आणि लाकडावर हलकं आपटलं की बेअरिंग आपोआप खाली पडतं. त्यावर आकडा कोरलेला असतो. तो आकडा घेऊन आमच्या दोघी तालुक्याला बेअरिंगच्या दुकानात गेल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या. दुकानदाराने विचारलं, कुठल्या मोटारीचं? ट्रकचं म्हणून सांगितलं.

बाकीची कामं सोपी. हवेच्या गाळणीचा स्पंज बोट लावताच भुगा झाला. तो बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही, धूळ आत गेली की क्रोम संपलं. नळ्या कडक झाल्या होत्या, कुकरची जुनी रिंग होते तशा. रिमोटमधले सेल फुटून पांढरी पूड साचली होती. ती व्हिनेगरच्या बोळ्याने पुसली, मग स्वच्छ कापडाने, मग सुकवली. चाकांचे नायलॉनचे हात कोरडे पडून ठिसूळ होतात. ते सुटे करून थोडा वेळ गरम पाण्यात ठेवले की नायलॉन पाणी पितं आणि पुन्हा लवचीक होतं. वरची रंगीत टोपी पारदर्शक प्लॅस्टिकची असते, रंग आतल्या बाजूने दिलेला असतो. ती नुसत्या साबणाच्या पाण्याने धुतली. थिनर लावला असता तर रंग आणि टोपी दोन्ही गेले असते. गाडी जुनी आणि दुर्मिळ आहे, म्हणून मूळचा एकही भाग टाकला नाही. बदललेले तुकडे चिठ्ठी लावून पिशवीत वहिनींना दिले. घेणारा पारखी असेल तर तो ते मागतो.

आता ती बाटली. मैत्रिणींनो, मिथेनॉल म्हणजे दारूकांडातलं विष. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. दोन छोटे चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर, पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. लहान मुलाच्या जिवाला तर त्याहून कमीही पुरतं. आणि फसवं असं, की सुरुवातीला फारसं काही होत नाही. थोडी झिंग, थोडी झोप. बारा-चोवीस तासांनी उलट्या, पोटदुखी, डोळ्यांसमोर धुकं. तोवर घरचे म्हणतात, बरा आहे की.

म्हणून प्यायल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही. उलटी काढायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही. १०८ ला फोन, सरळ मोठं रुग्णालय, बाटली सोबत घ्यायची आणि डॉक्टरांना 'मिथेनॉल' हा शब्द सांगायचा. याच्यावर उतारा आहे, वेळेत पोचलं तर. हे विष कातडीतून आणि वाफेतूनही जातं, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या हवेतच काम. त्याची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही. पेटलंय हे हात भाजल्यावर कळतं. जवळ पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या हव्यातच, कारण ते पाण्यात मिसळतं आणि भरपूर पाण्याने विझतं.

कोणी म्हणेल, घरीच मिसळून बनवू. तसं करायचं नाही. मिथेनॉल आपल्या राज्यात विष म्हणून कायद्याच्या ताब्यात आहे, ते विकायला आणि साठवायला परवाना लागतो. टपालाने असं इंधन पाठवता येत नाही. एनसीसीच्या हवाई विभागातली मुलं छोट्या विमानांच्या प्रतिकृती उडवतात, त्यांची इंजिनं याच जातीची. तिथे शिकवून निवृत्त झालेले एक सर जिल्ह्याच्या गावी आहेत. आम्ही गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. इंधन त्यांचं, त्यांच्याच डब्यातलं, त्यांच्याच देखरेखीखाली.

सरांनी क्रम सांगितला. आधी हातातला रिमोट सुरू, मग गाडीचा रिसीव्हर, शेवटी इंजिन. बंद करताना उलट. नाहीतर रिमोट बंद आणि इंजिन चालू अशी गाडी सुटली, तर चार किलोचं धूड ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने कोणाच्या पायावर जाईल सांगता येत नाही. पहिल्यांदा गाडी विटांवर, चाकं अधांतरी. कार्ब्युरेटरची सुई सैल, म्हणजे इंधन भरपूर. धूर खूप येतो, तो येऊ द्यायचा. त्या धुरात तेल असतं आणि तेच इंजिनाला जपतं. मग सुई आवळायची, एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, आणि प्रत्येक वेळी थांबून बघायचं.

किती आवळायची, हे कसं ओळखायचं? इथे आमच्या बायकांना सरांनी काहीच शिकवावं लागलं नाही. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तीन ते पाच सेकंदांत शांतपणे आटला तर ठीक. भाकरीच्या तापल्या तव्यावर नाचतो तसा चर्रकन उडाला तर इंधन कमी पडतंय, इंजिन जळायला आलंय, सुई लगेच सैल करा. थेंब नुसताच बसून राहिला तर अजून आवळायला जागा आहे.

गाडी चौथ्या खटक्याला सुरू झाली. वहिनींच्या मुलाने मैदानात तीन चकरा मारल्या आणि चौथीला रिमोट आईच्या हातात दिला.

परत निघण्याआधी टाकी रिकामी केली, इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत नळीतलं उरलेलं इंधन जाळलं, प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडून चक्र चार वेळा फिरवलं. प्रत्येक वेळी चालवून झाल्यावर हे करायचं. गुलाबी बाटलीतलं जुनं इंधन सरांनी कवटीचं चित्र असलेल्या त्यांच्या पत्र्याच्या डब्यात ओतून घेतलं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आम्ही तिथेच कात्रीने उभी चिरली, म्हणजे भंगारातून ती पुन्हा कोणाच्या घरी पाण्याला जायला नको. गाडी आता वहिनींच्या कपाटावर आहे. विकायचं काय ते त्या दिवाळीनंतर सांगणार आहेत.