निजामाच्या झेंड्यावरची रोटी

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या! ऑक्सफर्ड शहराच्या चिन्हात पाण्यातून चालणारा बैल आहे, कारण त्या नावाचा अर्थच बैलांचा उतार, हे मला शाळेपासून पाठ. पण आपल्या परभणीवर 1948 पर्यंत जो झेंडा फडकत होता त्यावर काय होतं? आपण तर ब्लँक!

सुट्टीत राणीसावरगावला गेलो तेव्हा आजीच्या पेटीत चांदीचा एक हाली रुपया सापडला. त्यावर चारमिनार, आणि मधल्या कमानीत एकच अक्षर, 'ऐन'. म्हणजे उस्मान अलीचं पहिलं अक्षर. त्याच्या वडिलांच्या, महबूब अलींच्या रुपयावर त्याच जागी 'मीम' असे. बिल्डिंग तीच, इनिशियल बदललं.

झेंड्याची गोष्ट याहून भारी. पिवळा झेंडा, मधोमध पांढरा गोल. हा गोल चंद्र किंवा सूर्य नाही, तो कुलचा आहे, म्हणजे रोटी! आख्यायिका अशी की पहिला निजाम सूफी संत निजामुद्दीन यांच्याकडे गेला. त्यांनी पिवळ्या फडक्यातले कुलचे पुढे केले. भुकेल्या पाहुण्याने सात खाल्ले, आणि तुझ्या सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला.

आता आपण पडलो इंजिनिअर, मोजून बघितलंच. 1724 ते 1948 मध्ये गादीवर बसले दहा जण. 1748 ते 1762 या काळातले नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग यांना 'आसफजाह' नंबर नाही, म्हणून यादी सातवर थांबते. आपण प्रॅक्टिकलला नको असलेली रीडिंग्ज गाळतो तसंच वाटलं मला. पण मग वंशावळ काढली. बाप-लेक असं मोजलं तर पिढ्या खरोखर सातच! राजे दहा, पिढ्या सात. आख्यायिका पास झाली, जरा ग्रेस मार्क देऊन.

आजीला हे सगळं रंगवून सांगितलं. तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, रझाकारांच्या धास्तीने रात्री शेतात झोपायचे, आणि तो रुपया घरात असूनही कधी हातात घ्यायचे नाहीत. आजीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सात खाल्ले ते ठीक हाय रे, पण पीठ कुणाच्या घरचं व्हतं?"

मी गप्प. तिने रुपया पदराला पुसला आणि परत पेटीत ठेवला.