नावेचा खुंटा आणि प्लॅस्टिकची निवड

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर पवनार लागतें. तेथील धाम नदी आपणांस परिचित आहे ती विनोबांच्या परमधाम आश्रमामुळें, आणि १९४८ सालीं गांधीजींच्या अस्थि तिच्या पात्रांत सोडल्या गेल्या त्यामुळें. आज मात्र त्याच काठावर उभें राहून मी एका अगदीं साध्या प्रश्नाविषयीं बोलणार आहें. नावेवर दोर बांधण्याचा खुंटा, वल्ह्याची कडी किंवा पाणी उपसण्याचा पंप बसवितांना त्यांच्याखालीं कोणतें प्लॅस्टिक घालावें, हा तो प्रश्न होय.

प्रश्न साधा, पण जिवाशीं गांठ असलेला आहे. श्रावणांत नदी भरून वाहूं लागली, की काठाशीं बांधलेल्या नावेला क्षणोक्षणीं हिसके बसतात, आणि तो सारा ताण खुंट्याच्या चार बोल्टांवर येतो. खुंटा उखडला तर नाव गेली; आंत माणसें असलीं तर काय होईल, तें सांगावयास नको.

पूर्वीं अशा जागीं लांकडी फळी घालीत. सागवान टिकतें; परंतु हल्लींच्या प्लायवूडमध्यें बोल्टच्या भोंकांतून पाणी मुरतें आणि वरून धडधाकट दिसणारी फळी आंतून कुजते. धातूची पट्टी घालावी, तर अॅल्युमिनियम व पोलाद यांच्यामध्यें पाणी शिरतांच विजेची घटमाला तयार होऊन अॅल्युमिनियम झिजूं लागतें. प्लॅस्टिक कुजत नाहीं आणि वीजहि वाहूं देत नाहीं, म्हणून तें येथें सोयीचें.

पण प्लॅस्टिक हें एका पदार्थाचें नांव नव्हे. ज्वारी आणि हरभरा हीं दोन्हीं धान्येंच. तरी भाकरी थापावयाची ती ज्वारीची. नायलॉन चिवट व घर्षणास उत्तम. मात्र तें पाणी पितें. कांहीं जाति पूर्ण भिजल्यावर वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी शोषून फुगतात, आणि मापांत बसविलेला भाग अडकून बसतो. अॅसिटाल पाणी फार थोडें घेतें, म्हणून फिरत्या भागांस चांगलें. पण उन्हापासून त्याला जपावें लागतें. अॅक्रिलिक कांचेसारखें सुंदर दिसतें. परंतु बोल्ट घट्ट आवळला, की भोंकाभोंवतीं तडे जातात.

राहिलें घट्ट जातीचें पॉलिथिन. पॉलिथिन १९३३ सालीं इंग्लंडांतील एका प्रयोगशाळेंत हातीं लागलें, आणि त्याची ही कठीण जात १९५३ च्या सुमारास जर्मनींत कार्ल झीग्लर यांच्या संशोधनांतून निघाली. तें पाणी जवळजवळ घेतच नाहीं, करवतीनें सहज कापतां येतें, आणि काजळी अथवा अन्य संरक्षक द्रव्य मिसळलेलें असल्यास उन्हांतहि टिकतें. पंप, दिवा, वल्हीं ठेवण्याच्या कड्या यांच्या बैठकीस तें फार चांगलें.

त्याचे तीन दोष मात्र ध्यानांत धरावे. एक, त्याला सरस वा रंग धरत नाहीं. तेव्हां चिकटवण्याच्या भरंवशावर न राहतां आरपार बोल्टच घालावे. दुसरा, तें उष्णतेनें फार वाढतें. वर्ध्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो व हिवाळ्यांत बराच खालीं उतरतो. ३० अंशांच्या फरकानें एक मीटर पट्टी सुमारें ४-५ मिलिमीटर लांबते. पोलाद अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच. म्हणून लांब पट्टीस एक भोंक नेमकें ठेवून बाकीचीं लांबट पाडावीं, नाहींतर पट्टी कमानीसारखी उचलते. तिसरा दोष सर्वांत मोठा : सततच्या दाबाखालीं तें हळूहळू दबत जातें आणि आवळलेला नट सैल पडतो.

यावरून निष्कर्ष असा, कीं जेथें ओढ बसते त्या खुंट्याच्या खालच्या बाजूस आधाराची पट्टी पॉलिथिनची नसावी. तेथें कांचतंतु आणि इपॉक्सी यांची दाबून केलेली घट्ट पाटी घालावी, आणि नटाखालीं रुंद वायसर द्यावें.

एक उदाहरण सांगतों. गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेली ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका २००९ सालीं नौदलाकडे आली, आणि तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनीं १९ मे २०१० रोजीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तिचें कवच लांकूड व कांचतंतु इपॉक्सीनें सांधून केलेलें होतें. ज्याचा जो गुण, त्याला तें काम, हाच तेथला न्याय.

सागर असो कीं धामेचा डोह, हा न्याय बदलत नाहीं. आपल्या गांवच्या नावेवर पाय ठेवण्यापूर्वीं एकदां खुंटा हातानें हलवून पाहावा. तो किंचित् जरी डुलला, तरी पावसाळ्याआधीं त्याच्याखालची पट्टी उघडून पाहावी.